दीड फुटाचा रस्ता: एका बायपासचं आणि यकृताचं प्रकरण

माणसाचं लहान आतडं साधारण वीस फूट लांब असतं. समजा, त्यातलं फक्त दीड फूट वापरात ठेवलं. वरच्या भागातलं, जेजुनम म्हणतात ते, चौदा इंच घेतलं, खालच्या टोकाचं, इलियम म्हणतात ते, चार इंच घेतलं, दोन्ही एकमेकांना जोडली आणि मधलं सगळं आतडं पोटातच राहू दिलं. कापून फेकलं नाही, नुसतं रहदारीतून बाजूला केलं. आता खाल्लेला घास या दीड फुटातून धावत मोठ्या आतड्यात उतरणार. अंगी लागायला त्याला उसंतच मिळणार नाही. पोटभर जेवा आणि बारीक व्हा, असा हा हिशेब.

या शस्त्रक्रियेचं नाव जेजुनोइलियल बायपास. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात हजारो अतिलठ्ठ माणसांनी ती करून घेतली. वजन उतरलं, भरपूर उतरलं. मग काहींचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठलं, आणि त्यातले काही यकृत निकामी होऊन गेले. १९८० च्या आसपास ही शस्त्रक्रिया जवळजवळ सगळीकडे बंद पडली.

प्रकरण अभ्यासात सहसा एखादा रुग्ण असतो. इथे शस्त्रक्रियेलाच रुग्ण समजून तिचा केसपेपर मांडायचा आहे. आजच्या बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या, सर्जरीत यकृताची काळजी ज्या पद्धतीने घेतली जाते, तिच्यातला बराचसा भाग याच केसपेपरमधून आला आहे. शिवाय जुन्या तक्रारीची एक सौम्य आवृत्ती अलीकडे पुन्हा दिसू लागली आहे, तिच्याकडेही यायचं आहे.

पूर्वेतिहास

आतडं आखूड करून वजन कमी करायची कल्पना स्वीडनमध्ये आधी वापरून पाहिली गेली. गॉथेनबर्गच्या व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा एक तुकडा कापून काढला होता. पण कापलेलं परत लावता येत नाही, त्यामुळे ती वाट तिथेच थांबली.

खरी सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाली, आणि तीही लठ्ठपणाच्या शोधात नव्हे. आर्नोल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एवढंच बघायचं होतं, की लहान आतड्याचा वरचा भाग पोषणासाठी जास्त महत्त्वाचा की खालचा. प्रयोग कुत्र्यांवर केले. वरचा मोठा भाग गेला तरी कुत्रे वजन टिकवून होते. खालचा भाग गेला की चरबी पचेनाशी व्हायची आणि कुत्रे वाळायचे. १९५४ मध्ये हा निबंध छापला गेला. त्यावरच्या चर्चेत त्यांनी एका लठ्ठ रुग्णावर केलेल्या अशाच बायपासचा उल्लेख केला. आतड्याच्या बायपासचा पहिला छापील उल्लेख म्हणून आज तो सांगितला जातो. मूळ प्रश्न पोषणाचा होता हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण पुढची पंधरा-वीस वर्षं नेमका तोच प्रश्न बाजूला पडला.

१९५६ पासून लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड या सर्जननी याहून धाडसी प्रकार केला. जेजुनमचा वरचा तुकडा त्यांनी थेट मोठ्या आतड्यालाच जोडला. बेत असा, की वजन हवं तेवढं उतरलं की पोट पुन्हा उघडायचं आणि आतडं पूर्ववत करायचं. १९६३ मध्ये त्यांनी या मोजक्या रुग्णांची हकिगत छापली. जुलाब आवरेनात, पोटॅशियम आणि कॅल्शियम घसरत राहिलं, शरीर कोरडं पडत गेलं, यकृतानेही तक्रार सुरू केली. आतडं पूर्ववत केलेल्यांचं वजन परत आलं. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, स्वतःच लिहिलं. या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर कुणाबद्दल वाटत असेल, तर ज्यांनी आपलेच वाईट निकाल छापले त्या लोकांबद्दल.

पण त्यातून काढलेला निष्कर्ष असा होता, की मोठ्या आतड्याला जोडणं चुकलं. थोडं इलियम मध्ये ठेवलं तर जुलाब आवरतील आणि बायपास कायमचा ठेवता येईल. १९६९ मध्ये पेन आणि डीविंड यांनी ‘चौदा अधिक चार’चं माप मांडलं आणि ते रूढ झालं. पुढे सर्जनगणिक मापं बदलली. कुणी टोकाला टोक जोडलं, कुणी टोक बाजूला जोडलं, कुणी बाजूला पडलेल्या आतड्याचं तोंड मोठ्या आतड्यात सोडलं. वाद इंचांवर रंगले. यकृताबद्दलची चर्चा वाढली ती रुग्ण पिवळे पडू लागल्यावर.

मुख्य तक्रार

वजन सर्वांत वेगाने उतरतं ते पहिल्या वर्षात, आणि यकृताचा मोठा धोकाही नेमका याच सुमारास, पहिल्या दीड-दोन वर्षांत, असायचा. रुग्ण खूश असायचा. जुने कपडे ढगळ झालेले, आरशातला माणूस वेगळा, नातेवाईक कौतुक करताहेत. थकवा येतो, तो वजन उतरल्यामुळे असणार. भूक मंदावली, हे तर चांगलंच लक्षण. मळमळ, थोडी उलटी, पायांवर सूज. मग लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात तयार होणारं प्रथिन, घसरलेलं, रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला. पुढची पायरी जलोदराची, आणि त्यापुढे बुद्धी गढूळ होण्याची.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक रुग्ण या टोकाला गेले नाहीत. यकृतातली चरबी पहिल्या वर्षात वाढायची आणि वजन स्थिरावलं की अनेकांत ती थोडी ओसरायची. पण काहींच्या यकृतात चरबीच्या जोडीला सूज आली, पेशींच्या भोवती जाळं विणल्यासारखे तंतू वाढले, आणि त्या तंतूंनी हळूहळू सिरॉसिस गाठला, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसलं. हा दुसरा रस्ता सावकाश जाणारा आणि म्हणून जास्त फसवा. एसजीपीटी, एसजीओटी या यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या (एलएफटी) जवळपास ठीक, आणि सुईने काढलेल्या तुकड्यात मात्र तंतूच तंतू, अशी उदाहरणं पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याकडे अजूनही ‘एलएफटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक’ असं धरून चालण्याची सवय आहे. या रुग्णांनी ती सवय पन्नास वर्षांपूर्वीच खोटी पाडली होती.

यकृताखेरीजही यादी लांब होती. मूतखडे झाले, आणि त्यामागची साखळी मोठी बोलकी आहे. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम बांधून घेते. एरवी तेच कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. आता धरायला कुणी नाही, म्हणून ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात खडा होऊन बसतं. सांधेदुखी आणि अंगावर पुरळ असाही एक प्रकार दिसला. बी-१२ आणि मॅग्नेशियमची कमतरता तर नित्याचीच.

‘तुम्ही दारू पिता का?’

बायोप्सीची, म्हणजे सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्याची, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पॅथॉलॉजिस्टला अगदी ओळखीचं चित्र दिसायचं: फुगलेल्या पेशी, चरबीचे थेंब, मॅलरी बॉडी म्हणतात ते गुलाबी गोळे, पेशींभोवतीचे तंतू. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याचं यकृत असंच दिसतं. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅथॉलॉजिस्टांनी आतड्याच्या बायपासनंतरचा आजार आणि दारूमुळे होणारा आजार यांतलं हे साम्य नीट मांडून दाखवलं.

साम्य एवढं म्हटल्यावर रुग्णाला काय विचारलं जात असेल, हे सांगायला नको. थेंबही न घेणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं, बायकोला बाहेर बोलावून विचारायचं, आणि तरीही मनात शंका ठेवायची. हे फक्त बायपासवाल्यांच्या वाट्याला आलं असंही नाही. १९८० मध्ये मेयो क्लिनिकचे यूर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांचा अभ्यास छापला. यकृत दारुड्यासारखं, पण दारूचा संबंध नाही. बहुतेक लठ्ठ, अनेकांना मधुमेह. या तोवर बिननावाच्या आजाराला त्यांनी नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपटायटिस (दारूशिवाय यकृतात चरबी आणि सूज), थोडक्यात नॅश, असं नाव दिलं. आज सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द न येणं हीच बातमी झाली आहे. त्यातल्या गंभीर प्रकाराचं नाव नॅश. २०२३ मध्ये ते बदलून मॅश झालं, कारण ‘अल्कोहोलिक’ हा शब्द नावातसुद्धा लोकांना बोचत होता.

बायपासचे रुग्ण या आजाराचे एका अर्थाने पहिले साक्षीदार. इतरांना वीस-तीस वर्षांत होणारं त्यांच्या यकृताला दोन वर्षांत झालं, आणि सर्जननी बायोप्सी घेऊन ठेवल्यामुळे ते टप्प्याटप्प्याने काचेवर नोंदलंही गेलं.

तेवढेच किलो, तीन वाटांनी

इथे या प्रकरणाचा गाभा आहे.

यकृत बिघडलं ते वजन उतरल्यामुळे, असं कुणालाही वाटेल. चरबी वितळते, रक्तात येते, यकृतात साचते, पटण्यासारखं आहे. आजही ‘झपाट्याने वजन उतरवलं की लिव्हर खराब होतं’ असं ऐकू येतं, आणि त्यात तथ्याचा अंश आहेही. पण तेवढ्याने भागत नाही, हे दोन अभ्यासांनी दाखवून दिलं.

पहिला १९७० चा. लॉस एंजेलिसमध्येच एडवर्ड ड्रेनिक लठ्ठ रुग्णांना रुग्णालयात ठेवून दीर्घ उपवास करवत असत. आज कुणी परवानगी देणार नाही इतके लांब उपवास. त्यांनी उपवास, कमी आहार आणि आतड्याचा बायपास या तिन्ही मार्गांनी वजन उतरवलेल्यांच्या यकृताचे तुकडे तपासले. उपवासाने आणि कमी आहाराने वजन उतरलेल्यांत यकृतातली चरबीही उतरत गेली होती. बायपासवाल्यांत ती वाढली होती.

दुसरा १९७७ चा, केंटकी विद्यापीठातल्या वॉर्ड ग्रिफेन यांचा. तोपर्यंत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेला जठराचा बायपास लोकांना माहीत झाला होता. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. ग्रिफेन यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. काहींना जठराचा बायपास, काहींना आतड्याचा. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं वजन साधारण सारखंच उतरलं होतं. यकृतात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आतड्याच्या बायपासवाल्यांत चरबी वाढलेली, नंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त.

काटा दोघांचाही सारखाच आकडा दाखवत होता. वजन किती गेलं हे काटा सांगतो, कोणत्या वाटेने गेलं हे त्याला ठाऊकच नसतं. आणि त्या काळी शस्त्रक्रियेचं यश मोजायला बहुतेकांकडे काट्यावाचून काहीच नव्हतं.

मग बिघडलं काय?

एक उत्तर होतं भुकेचं. जास्त खाऊनही भुकेलं राहण्याचं.

१९३० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सिसिली विल्यम्स या डॉक्टरने क्वाशिओरकोर हा आजार वर्णिला. गा भाषेतला हा शब्द. धाकटं भावंड आलं की थोरल्याचं दूध तुटतं, त्याला कणसाच्या पेजेवर ठेवतात, आणि ते मूल सुजतं. पोट पुढे, पाय सुजलेले, केस विरळ, आणि यकृत चरबीने भरलेलं. पिष्ट मिळतं, प्रथिनं मिळत नाहीत. आपल्याकडे कुपोषण म्हटलं की मेळघाट आठवतो, काटकुळे हातपाय आठवतात. क्वाशिओरकोरचं मूल त्या चित्रात बसत नाही, वरवर ते गुटगुटीतसुद्धा वाटू शकतं.

१९७४ मध्ये काही संशोधकांनी आतड्याच्या बायपासवाल्यांच्या रक्तातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मोजली. चित्र क्वाशिओरकोरशी जुळलं. शंभर-सव्वाशे किलोच्या अमेरिकन माणसाला आफ्रिकेतल्या सुजलेल्या मुलाचा आजार!

कसं ते बघा. दीड फुटात साखर आणि पिष्टाचा बराच भाग शोषला जातो, कारण ते सोपं काम. प्रथिनं आणि चरबी मात्र लांब रस्ता मागतात. तेलकट-तुपकट खाल्लं की जुलाब, म्हणून रुग्ण आपोआप पाव, बटाटा, गोडधोड याकडे वळतो. पिष्ट मिळत राहिलं की इन्सुलिन चढं राहतं. इन्सुलिन चढं असताना शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्लं सोडायला नाखूश असतं. उपवास करणाऱ्याचं उलट होतं. त्याचं इन्सुलिन पडतं, स्नायू थोडे झिजतात, पण यकृताला कच्चा माल मिळत राहतो. हा कच्चा माल कशाला हवा? यकृतातली चरबी बाहेर पाठवायची तर तिच्याभोवती प्रथिनाचं वेष्टन लागतं. गोदामात माल खचाखच आहे, गोण्या शिवायला ताग नाही. माल आत कुजतो. ड्रेनिक यांच्या उपवासवाल्यांचं यकृत का सुधारलं आणि बायपासवाल्यांचं का बिघडलं, याचा मोठा भाग या गोण्यांत आहे.

दुसरं उत्तर त्या सोडून दिलेल्या आतड्यात होतं. अठरा फुटांहून लांब नळी, जिच्यातून अन्न जात नाही, पित्त वाहत नाही, स्वादुपिंडाचा रस येत नाही. गल्लीचं एक तोंड बंद केलं आणि झाडू मारणं थांबवलं तर काय होईल? जंतू वाढले. हवेशिवाय जगणारे जंतू, जे एरवी मोठ्या आतड्यातच राहतात, ते इथे वस्तीला आले. आतड्याचं रक्त शरीरात इतरत्र जाण्याआधी पोर्टल नसेतून थेट यकृतात जातं. म्हणजे त्या बंद गल्लीतला सगळा राडा रोज यकृताच्या दारात. जंतूंची विषं, त्यांनी बदललेली पित्ताम्लं, आंबवणीतून तयार होणारं अल्कोहोलसुद्धा. हे शेवटचं त्या काळी गंभीरपणे मांडलं गेलेलं अनुमान. काचेवर दारुड्याचं यकृत दिसत होतं, तर दारू रुग्णाच्या आतड्यातच गाळली जात असेल का, अशी ही शंका होती.

दोन उत्तरांत खरं कोणतं? १९८२ मध्ये ड्रेनिक यांनीच यावर एक मोठा दाखला दिला. मेट्रोनिडाझोल, म्हणजे जुलाबावर घराघरांत घेतलं जाणारं, हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना मारणारं औषध, दिल्यावर बायपासनंतरची यकृतातली चरबी टळत होती, साचलेली उतरतही होती. प्रथिनांची कमतरता तशीच असतानासुद्धा. म्हणजे बंद गल्लीवरचा संशय पक्का झाला. दुसरीकडे, शिरेतून नुसती अमिनो आम्लं दिल्यावर चरबीने भरलेलं यकृत सुधारल्याच्या नोंदीही होत्याच. माझ्या मते ही दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. कच्चा माल कमी आणि दारात रोजचा राडा, या दोन्हींपुढे यकृत हरलं. पण एकच निवडा असं कुणी म्हटलं तर मी बंद गल्लीकडे बोट दाखवीन, कारण नंतरच्या सर्जननी शस्त्रक्रियेत जो बदल केला तो नेमका तिथेच.

उपचार

यकृत बिघडतंय हे लवकर कळलं तर आधी पोषण द्यायचं: शिरेतून अमिनो आम्लं, तोंडाने प्रथिनं, जोडीला प्रतिजैविकं. तेवढ्याने भागलं नाही तर आतडं परत जोडायचं. पण अल्ब्युमिन तळाला गेलेल्या, रक्त न गोठणाऱ्या माणसाचं पोट पुन्हा उघडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून आधी काही आठवडे शिरेतून पोषण देऊन माणूस उभा करायचा आणि मग जोडणी करायची, हा क्रम अनुभवातून ठरला. सिरॉसिस होण्याआधी जोडणी झाली तर यकृत बऱ्याचदा चांगलं सावरायचं. यकृत हा अवयव क्षमाशील आहे.

सिरॉसिस झालेल्यांसाठी पुढे प्रत्यारोपणाचा मार्ग आला. बायपास तसाच ठेवून नवं यकृत बसवलं, तेव्हा काही रुग्णांत त्या नव्या यकृतातही चरबी भरू लागली. दात्याचं निरोगी यकृत, पण त्याच्या दाराशी तीच जुनी गल्ली. दोष यकृतात नव्हताच, याहून चांगला पुरावा प्रयोगशाळेत तयार करता आला नसता.

हिशेब

१९८३ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथल्या गटाने शंभर रुग्णांचा, शस्त्रक्रियेनंतर सरासरी पाच वर्षांहून जास्त काळाचा, अहवाल छापला. वजन उतरून टिकलं होतं. कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब यांत फायदाही होता. पण यकृताची रचना २९ टक्के रुग्णांत बिघडत गेली होती, आणि ७ टक्क्यांना सिरॉसिस झाला होता. शंभरात सात! तेही अशा लोकांत, जे शस्त्रक्रियेआधी लठ्ठ होते पण सिरॉसिसचे रुग्ण नव्हते. त्यात मूतखडे, जुलाब आणि आयुष्यभराच्या तपासण्या मिळवा.

आणि हे फक्त पुन्हा तपासणीला आलेल्यांचं. वजन उतरलेला माणूस बरा झालेला समजला जातो. गाव बदलतो, डॉक्टर बदलतो, आणि पाच वर्षांनी थकवा आला तर नव्या डॉक्टरला पोटावरच्या जुन्या व्रणाचं काही सांगत नाही.

नंतर

पुढच्या शस्त्रक्रिया बंद गल्ली टाळून रचल्या गेल्या. १९७० च्या दशकात इटलीत जिनोव्हाच्या निकोला स्कोपिनारो यांनी बिलिओपँक्रिॲटिक डायव्हर्जन हा प्रकार काढला. त्यात अन्नाच्या वाटेतून काढलेल्या आतड्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहत राहतो. नळी लांब असली तरी ती धुतली जाते. जठराच्या बायपासमध्येही तेच. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करतात त्या शस्त्रक्रियेत, तर आतड्याला हातच लावत नाहीत.

निकाल उलटा फिरला. फ्रान्समधल्या लील इथल्या गटाने २०२० मध्ये नॅश असलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पाच वर्षांच्या बायोप्सी छापल्या. ८४ टक्क्यांत नॅश गेला होता, ७० टक्क्यांत तंतू कमी झाले होते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२१ च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षांत यकृताच्या मोठ्या दुर्घटना २.३ टक्के, न झालेल्यांत ९.६ टक्के. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, म्हणून आकड्यांना थोडी सूट द्यावी. तरी दिशा स्पष्ट आहे. ज्या सर्जरीमुळे यकृत जायचं, तिच्याच वंशजांना आज फॅटी लिव्हरच्या उपचारांत जागा मिळाली आहे.

आता सुरुवातीला म्हटलेली सौम्य आवृत्ती. वन अॅनास्टोमोसिस बायपास, ज्याला आपल्याकडे सर्रास मिनी बायपास म्हणतात, त्यात जठराची लांबट पिशवी करून ती आतड्याला एकाच जागी जोडतात. भारतात तो चांगलाच रुळला आहे, मुंबई-पुण्याच्या जाहिरातींतही दिसतो. चांगली शस्त्रक्रिया आहे. प्रश्न एवढाच, की जोडणीआधीचं किती आतडं अन्नाच्या वाटेतून वगळायचं. दीडशे सेंटिमीटर? दोनशे? रुग्ण फार वजनदार असेल तर अडीचशे, तीनशे? वगळलेलं वाढलं की अन्नासाठी उरलेलं घटतं. १९६९ मध्ये इंचांवर वाद होता, आता सेंटिमीटरवर आहे. २०१८ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियांनंतर यकृत गंभीर बिघडलेल्या दहा रुग्णांची मालिका छापली. अन्नाच्या वाटेचं आतडं परत लांब केल्यावर बहुतेकांचं यकृत सावरलं. दोनशे सेंटिमीटरपुढे जाऊ नका आणि एकूण आतडं आधी मोजा, असा सल्ला आता दिला जातो तो यामुळेही. लहान आतडं कुणाचं चार मीटर असतं, कुणाचं आठ. दोघांचंही दोनशे सेंटिमीटर वगळलं तर ते सारखं झालं नाही.

आपल्याकडच्या रुग्णाला एक अडचण जास्त. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. शाकाहारी घरात, छोट्या झालेल्या जठरात, वरण-भात-पोळीवर ती बसत नाहीत. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजी मिळून पंधरा ग्रॅमच्या पुढे जाणं अवघड, आणि एवढं जेवण त्या पिशवीत एका वेळी मावतच नाही. मग पनीर, दही, सोया, अंडं चालत असेल तर अंडं, आणि प्रोटीन पावडर. पावडर महाग पडते म्हणून सहा महिन्यांनी बंद होते. वजन उतरत असतं, म्हणून कुणी विचारत नाही. पायांना सूज आणि केस गळणं याला ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक सुरू होतं. अल्ब्युमिन तपासायला फारसा खर्च येत नाही.

त्या जुन्या बायपासचे काही रुग्ण शस्त्रक्रिया बंद पडल्यानंतरही दशकानुदशकं तेच दीड फुटाचं आतडं घेऊन जगले. कारण न कळणारा सिरॉसिस, वारंवार मूतखडे, आणि पोटावर जुना उभा व्रण, अशा माणसाला व्रणाबद्दल विचारलं की उलगडा व्हायचा. अशांना परतजोडणी सुचवली की अनेकजण नको म्हणायचे. जोडणीनंतर वजन परत येतं हे त्यांना ठाऊक होतं. काहींच्या बाबतीत सर्जननी तडजोड केली: आतडं पूर्ववत केलं आणि त्याच वेळी जठराचा बायपास करून दिला. तेही ज्यांना मान्य नव्हतं, ते तपासणीचे कागद घेऊन घरी गेले, दिवसातून अनेकदा शौचाला जात राहिले, आणि यकृताचा प्रश्न पुढच्या खेपेवर ढकलत राहिले. ते ज्या लठ्ठपणातून सुटले होते तो आपण पाहिलेला नाही, म्हणून मला तरी त्यांना वेडं म्हणवत नाही.